अनामत रुपये पंधराशे

पाणी येतं चौथ्या दिवशी, कधी पाचव्या,
म्हणून बुकिंग घेताना मी आधी नळाकडे बघतो
आणि मग कॅलेंडरकडे.
मुलगा पुण्याहून सांगतो,
बाबा, चौकोन हिरवा म्हणजे घर रिकामं.
त्याला काय सांगू,
हिरव्या चौकोनानं टाकी भरत नाही.

साखर पेठ, तळमजला, दोन खोल्या,
एसी एकात, कूलर दुसरीत.
दारामागे माझ्या अक्षरात पाटी:
चादर आवडल्यास विकत मिळेल.
अनामत पंधराशे, रोख, जाताना परत.
किल्ली हरवली, काच फुटली,
शेंगाचटणीचं तेल गादीला लागलं
तर त्यातून वजा.

गड्ड्याच्या जत्रेत एकाच तारखेला
कलबुर्गीचे आठजण फोनवरून
आणि नगरचं जोडपं ॲपवरून.
जोडप्याला वरची माझी खोली दिली,
मी जिन्यात झोपलो, तीन रात्री.
मे महिन्यात कुणी फिरकत नाही.
एकदा नान्नजला निघालेले दोघे
गळ्यात हातभर लांब कॅमेरे,
माळढोक नक्की दिसेल ना काका?
म्हटलं, अनामत परत मिळते,
माळढोकाचं मी लिहून देत नाही.

आणि ते नाशिकचे साहेब,
आल्या आल्या पलंगाखाली वाकून
शहाबादी फरशीतल्या भोकांचे फोटो काढले,
ही आधीपासूनची आहेत, आमच्या नावावर नकोत.
नाही लावत, म्हणालो.
चार भोकं एका मागाची,
सहा मागांची चोवीस.
माग भंगारात गेले किलोच्या भावानं,
मध्ये भिंत घातली, रंग दिला,
पण सिमेंट दर पावसाळ्यात
भोकांतून निघून येतं.

कार्तिकात एक बाई आल्या, एकट्या, एका रात्रीपुरत्या.
पद्मजा गुंडेटी, मुक्काम सुरत.
आधारकार्डाची झेरॉक्स दिली, पैसे मोजून दिले,
चहा नको म्हणाल्या.
रात्री पलंग सरकवल्याचा आवाज आला.
खाली गेलो तर दार उघडंच,
बाई फरशीवर बसलेल्या, एक बोट भोकात.
मला तेलुगूत विचारलं,
तिसरा माग इथेच होता ना?
मी हो म्हणालो.
खरं तर मला आठवत नव्हतं.

सकाळी किल्ली कुलपालाच लटकत होती.
चादर घडी घालून ठेवलेली,
किनार आत, नक्षी बाहेर,
गठ्ठा बांधायच्या आधी आम्ही घालायचो तशी.
पंधराशे मात्र माझ्याकडेच.
मेसेज केला, खाते नंबर पाठवा, अनामत द्यायची आहे.
दोन निळ्या खुणा.
आठ दिवसांनी पुन्हा. पुन्हा दोन.

मग माळ्यावरून उचलीची वही काढली.
गुंडेटी दोन निघाले.
रामुलू, त्याचं खातं चुकतं.
नरसय्या, उचल बावीसशे,
दसऱ्याला गेला तो आलाच नाही,
पुढे माझ्याच हातानं, लाल शाईत: बुडीत.
यातला तिसऱ्या मागावर कोण होता?
सहाही मागांचा आवाज एकच,
माणसं मी आवाजानं कधी ओळखलीच नाहीत.
आणि गुंडेटी काय, सोलापुरात
गल्लीला चार सापडतील.

मुलगा म्हणतो, जमा धरा, उत्पन्नात दाखवा.
मी पाकीट वहीत ठेवलंय,
त्या पानावर नाही, त्याच्या शेजारच्या.
लाल शब्दावर रेघ मारावी
इतकं मला ठाऊक नाही,
आणि तो तसाच राहू द्यावा
इतकंही नाही.

आज हुबळीहून फोन होता.
शुक्रवार, तिघे, एक लहान मूल.
गुरुवारी पाणी आलं तर जमेल, म्हणालो.
आधी किती द्यायचे? त्यांनी विचारलं.
माझ्या तोंडून निघून गेलं, उचल?
काय म्हणालात?
काही नाही.
अनामत. पंधराशे.
जाताना परत.